किटलीतला आवाज

स्टुडिओत दुधाची रिकामी किटली मीच मागवली होती, आणि ती आली तेव्हा तिच्याकडे बघवेना ते मलाच.

मी मोबाईलवर ऐकायच्या गोष्टी लिहिते. वीस मिनिटांचा एक भाग, आठवड्याला दोन. लोक त्या भांडी घासताना, गाडी चालवताना, दुकानात गिऱ्हाईक नसताना ऐकतात. काम घरबसल्या आहे, कुणाशी फारसं बोलावं लागत नाही, म्हणून मला मानवतं. गेल्या वर्षी संपादकबाईंचा फोन आला की या वेळी परग्रहावरचा खलनायक हवा. "पण नुसता दुष्ट नको हं. त्याला काहीतरी भावना दे. तो असा का वागतो ते ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे."

मी हो म्हणाले. माझ्याकडे असा एक तयार होता. तो माझा नव्हता, एवढंच मी त्यांना सांगितलं नाही.

ध्वनिमुद्रण कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका छोट्या स्टुडिओत होतं. खलनायकाचा आवाज देणारा माणूस दिवसा विम्याचं काम करायचा आणि हौशी नाटकांत पोलीस, सावकार, यम अशा भूमिका करायचा. मी सांगितल्याप्रमाणे त्याने ॲल्युमिनियमच्या किटलीत तोंड घातलं आणि वाचलं, "मला माफ करा. मला दुःख होतंय. पण मला थांबता येत नाही."

किटलीच्या पोटात फिरून तो आवाज बाहेर आला आणि माझी मान थंड पडली. मी कानावरचे हेडफोन काढले. आवाज तरीही येत राहिला. समोरून नाही, मागून, मानेपाशी.

"मॅडम, एक विचारू का?" किटली खाली ठेवत तो म्हणाला. "ह्याला रडू येतंय न्हवं? मग हा थांबत का न्हाय? कोण धरलंय ह्याला?"

"त्याला स्वतःची इच्छा नाही. त्याच्या ग्रहावर सगळ्यांचं मिळून एकच मन आहे. ते सांगेल तसं वागावं लागतं."

"मग रडू कुणाचं येतंय? रडू तर ज्याचं त्याचंच असतंय की."

"पुढच्या भागात कळेल," मी म्हणाले.

पुढच्या भागात ते कळणार नव्हतं, कारण ते मलाच माहीत नव्हतं. किंवा माहीत होतं आणि लिहायचं नव्हतं.

तो खलनायक माझ्या चुलत बहिणीचा. मी तिला ताई म्हणते. माझे थोरले काका गडमुडशिंगीला राहतात, शेत आणि सहा म्हशी. बाबा नोकरीसाठी कोल्हापुरात आले आणि त्यांनी मला इंग्रजी शाळेत घातलं. दर शनिवारी आम्ही गावी जायचो आणि मी तोंड उघडलं की बाकीची चुलत भावंडं हसायची. "इंग्लिश मॅडम आल्या, खुर्ची द्या गं कुणीतरी!" "मॅडम, म्हशीला इंग्लिशमधनं हाक मारा की जरा!" त्यात वाईट काही नव्हतं, पण मी हळूहळू बोलणं बंद केलं. गप्प बसलेल्या मुलीला लोक शहाणी म्हणतात, हे मला फार लवकर कळलं.

ताई हसायची नाही. ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, कॉलेजात बी.एस्सी. करत होती, विषय फिजिक्स. आमच्याकडच्या सगळ्या बायकांसारखी 'मी आलो', 'मी जातो' असंच बोलायची आणि मला 'बारके' म्हणायची. संध्याकाळचं दूध डेअरीला गेलं की एक किटली धुऊन गोठ्याच्या भिंतीवर पालथी घातलेली असायची. ताई ती उचलून तोंडाला लावायची आणि आतून तो बोलायचा.

त्याला नाव नव्हतं. त्याच्या ग्रहावर कुणालाच नाव नसतं, ताई सांगायची. तिथे एकच मन, बाकीचे सगळे त्या मनाचे हातपाय. पृथ्वी ताब्यात घ्यायला तो आमच्या उसात उतरायचा. पहिल्यांदा भाकरीचा वास आला तेव्हा त्याला भूक लागली, आणि भूक म्हणजे काय ते माहीत नसल्यामुळे तो घाबरला. एकदा त्याने आईपासून लांब बांधलेलं रेडकू पाहिलं. त्याने दावं सोडलं, रेडकाच्या गळ्यात पडून रडला. मग उठून गोठा पेटवून दिला.

"असं कसं?" मी ओरडले होते. "त्याला वाईट वाटलं ना? मग कसा पेटवतो?"

"वाईट वाटलंच की त्याला."

"मग?"

"रडायला कुणाची परवानगी लागत न्हाय बारके. थांबायला लागती."

"मग तो वाईट आहे की चांगला?"

"ते तू ठरव," ताई म्हणाली आणि किटली पुन्हा भिंतीवर ठेवली.

शाळेच्या ग्रंथालयात मी पुढे परग्रहावरच्या शत्रूंच्या गोष्टी पुष्कळ वाचल्या. इंग्रजी पुस्तकं, जाड पुठ्ठ्याची, शेवटची पानं निखळलेली. त्यांतले शत्रू टोळधाडीसारखे यायचे. हजारोंनी यायचे, हजारोंनी मरायचे, आणि त्यांतल्या एकालाही कुणी विचारायचं नाही की तू का आलास. राणी कुठेतरी खोल बसलेली असायची. तिला मारलं की बाकीचे जागच्या जागी थिजायचे, आणि सगळा दोष तिच्याबरोबर संपायचा. मला त्या सैनिकांचा हेवा वाटायचा. दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकांत शत्रूला मन असायचं. त्याचा ग्रह जळालेला असायचा, पिल्लं मेलेली असायची. ते कळलं की आपण त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतो. लेखकाने दुःख दिलं की गुन्हा निम्मा होतो. आता मी स्वतः हेच करून पोट भरते, तेव्हा ही युक्ती मला आतून माहीत आहे.

ताईच्या खलनायकाला मात्र हे दोन्ही नियम लागू पडत नव्हते. त्याला सगळं वाटायचं आणि तो काहीच सोडायचा नाही.

मी अकरा वर्षांची असताना ताईचं लग्न ठरलं. तिच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा दोन महिन्यांवर होती. स्थळ आजऱ्याजवळच्या गावातलं, भाताची शेती, काजूची झाडं, माणसं सालस. परीक्षेला पाठवू, असा शब्द त्यांनी बैठकीत दिला होता. ताईने हो म्हटलं ते त्या शब्दावर.

आमच्याकडे नवरीबरोबर सासरी पाठराखीण जाते. नव्या घरात पहिले काही दिवस तिच्या ओळखीचं एक माणूस असावं म्हणून. मांडव परतणीला नवरी पहिल्यांदा माहेरी येते, तेव्हा पाठराखीणही परत येते. आणि घरचे सगळे तिलाच विचारतात, काय गं, कसं आहे घर? नवरीला विचारत नाहीत. नवरी खरं सांगणार नाही, असं धरलेलं असतं. पाठराखणीचा शब्द धरतात.

ताईला धाकटी बहीण नव्हती. बाकीच्या मुलींच्या परीक्षा होत्या. मला पाठवलं.

निघताना सगळं घर रडत होतं. सर्वांत जास्त थोरले काका, ताईचे आबा. त्यांनी जीपच्या दाराला डोकं लावलं होतं आणि त्यांचे खांदे हलत होते. मी आत ताईच्या शेजारी बसले होते, त्यामुळे मला त्यांचा चेहरा काचेतून अगदी जवळ दिसत होता. मग त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं, जीपच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चला, हलवा आता." मी ताईकडे बघितलं. तीही त्यांच्याचकडे बघत होती.

सासरच्या घरी दुसऱ्या दिवशी पूजा झाली, पाहुणे गेले. ताईने येताना पुस्तकांची एक पत्र्याची पेटी आणली होती. सासूबाई म्हणाल्या, "खाली उंदरं खात्यात, माळ्यावर राहू दे." बोलणं गोड होतं. पेटी माळ्यावर गेली आणि शिडी गोठ्याकडे गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताई परसात माझ्या वेण्या घालत होती. मी पुढे तोंड करून दगडावर, ती मागे.

"बारके, मागं बघू नको. बोलतो ते ऐक."

मी ऐकलं.

"ही माणसं मला परीक्षेला पाठवणार न्हाईत. सासूबाई म्हणाल्या, आता कशाला डोकं शिणवायचं. परवा घरी गेलं की तुला विचारतील सगळी. मी बोललो तर नव्या नवरीचे नखरे म्हणतील. तू बोल. आबांना एवढंच सांग की पेटी माळ्यावर टाकलीया. एवढंच. ते मला परत धाडणार न्हाईत परीक्षा हुईस्तोवर. पुढचं मी बघतो. सांगशील?"

मी मान हलवली. वेणी तिच्या हातात होती, त्यामुळे माझी मान हललेली तिला हातातच कळली असणार.

पाचव्या दिवशी आम्ही गडमुडशिंगीला आलो. पुढच्या सोप्यात काका, काकी, माझे आईबाबा, शेजारच्या दोन-तीन बायका. मला मध्ये बसवलं.

"काय गं पाठराखीण, कसं हाय पावण्यांचं घर?" काका म्हणाले.

"खरं सांगायचं बघ," काकी हसून म्हणाली. "इंग्लिश शाळेत खोटं बोलाय शिकवत न्हाईत."

मी काही बोलले नाही. मान खाली घातली. लाजली, लाजली, असं कुणीतरी म्हणालं. दोन दिवसांनी ताई परत सासरी गेली.

परीक्षा तिने दिली नाही, त्या वर्षीही नाही आणि नंतरही नाही. तिला दोन मुलं झाली. तिला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, हे आमच्या घरात अजून अभिमानाने सांगतात. मुलं शाळेत जायला लागल्यावर ती आजऱ्यात एका काजूच्या कारखान्यात कामाला जाऊ लागली. आम्ही लग्नाकार्यात भेटायचो. "जेवलीस का गं?" ती विचारायची. मी "हो" म्हणायचे. पंधरा वर्षं आमच्यात एवढंच बोलणं झालं, आणि ते मी प्रत्येक वेळी आधीपासून धास्तावून ऐकायचे.

गोष्टीचा सहावा भाग प्रसिद्ध झाला, रेडकू आणि गोठ्याचा, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मागे बायकांचा गलका होता.

"बारके, किटलीतला तो तूच लिहिलास न्हवं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आमी कामावर ऐकतो की सगळ्या. एकीच्या मोबाईलवर लावतो, डब्यात ठिवतो म्हणजे मोठ्यानं ऐकू येतंय. पयल्याच दिवशी वळखलं मी. सांगितलं न्हाय कुणाला." ती हसली. ते हसू मी विसरले होते. "चोर कुठली."

"ताई, मी तुला विचारायला हवं होतं."

"असू दे गं. मी तर इसरून गेलतो त्याला. तू सांभाळलास." मग गलका लांब गेला, ती बाहेर आली असावी. "तुला एक सांगू? माझ्या मनात तुझ्याबद्दल काय न्हाय. सासूबाईंनी शिकवून धाडलं तसं तू बोललीस. बारकी हुतीस. पोराचं काय, कुणी सांगितलं तसं बोलतंय. तुझा दोष न्हाय त्यात."

"हं," मी म्हणाले.

ती "ठेवतो" म्हणाली. फोन बंद झाला तरी मी तो कानाला धरून उभी होते.

वर मी लिहिलं की त्या दिवशी सोप्यात मी काही बोलले नाही. ते खरं नाही. ते मी इतक्या वर्षांत स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की लिहितानाही तसंच उतरलं. मी गप्प बसले असते तर बरं झालं असतं.

खरं असं झालं. "घर चांगलं आहे," मी म्हणाले. मग काकांनी स्वतःहून विचारलं, "आणि ताईच्या पुस्तकांची काय सोय?" त्यांनी विचारलं होतं. ते विसरले नव्हते. ताई स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. मी काकांकडे बघून म्हणाले, "त्यांनी तिला कपाट दिलंय. खिडकीजवळ. उजेड चांगला येतो."

खिडकी मी मनाने घातली. उजेडही. नुसतं कपाट खोटं वाटेल आणि खिडकी असली की खरं वाटेल, हे मला अकराव्या वर्षी कुणीही न शिकवता कळलं होतं. आज मी जे काम करते त्याची सुरुवात कुठे झाली, असं कुणी विचारलं तर मी ग्रंथालयाचं नाव सांगते.

"आबा, तसं न्हाय," ताई दारातून म्हणाली होती.

"झालं का नखरं सुरू?" काका हसले होते. "ही एवढीशी पोर सांगती कपाट दिलंय. ती कशाला खोटं बोलंल?"

ताईने माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता. ती माझ्या चेहऱ्यामागे काहीतरी शोधत होती, कुणाचा तरी हात. तो तिला सासूबाईंचा सापडला होता, आणि पंधरा वर्षांनी तो तिने मला फोनवर देऊन टाकला होता. मी फक्त तो घ्यायचा होता. एक 'हं' म्हणून मी तो घेतलाही होता.

त्या फोननंतर बरेच दिवस मी लिहू शकले नाही. घरात कुठेही भांड्यात आवाज घुमला, कुकरच्या रिकाम्या भांड्यात आई काही पुटपुटली, जिन्यात कुणी बादली ठेवली, की मानेपाशी कुणीतरी श्वास घेतल्यासारखं व्हायचं. मी केस मोकळे सोडायला लागले. आई म्हणाली, "वेणी घाल की, गळतील." मी म्हटलं, "नको." संपादकबाई विचारत होत्या, शेवटचे दोन भाग कधी येणार. मी सांगितलं, खलनायकाचं काही जमत नाहीये. "अगं, मग त्याला सुधार," त्या म्हणाल्या. "माणसांत राहून माणूस झाला. लोकांना आवडतं."

मी सकाळच्या गाडीने आजऱ्याला गेले. उत्तूरमार्गे अडीच तास. ताईला आधी कळवलं नव्हतं, कळवलं असतं तर गेले नसते.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. आत भाजक्या टरफलांचा उग्र वास, आणि दोन रांगांत बसलेल्या बायका. ताई खिडकीजवळ होती. काजूगरावरची लाल साल सुरीच्या टोकाने काढून ती पांढरा गर एका डब्यात आणि तुटलेला दुसऱ्या डब्यात टाकत होती. आधी बरीच वर्षं ती टरफलं फोडायच्या यंत्रावर होती. त्या तेलाने काळवंडलेली बोटं अजून तशीच आहेत.

"अगं बाई, बारके!" ती ओरडली. मग सगळ्यांना, "माझी भन. कोल्लापूरची. इंग्लिशमधनं शिकलीया."

"मग आमच्यासंगं मराठीत बोलंल का न्हाय?" एक म्हणाली.

"बोलती, पण मोजून बोलती," ताई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. तिने बसायला पोतं सरकवलं. "जेवलीस का?"

जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बाहेर फणसाखाली गेल्या. ताई डबा उघडत होती. मी वाट बघितली असती तर पुन्हा गप्प बसले असते, म्हणून ती पहिला घास घ्यायच्या आतच बोलले.

"ताई, सासूबाईंनी मला काही शिकवलं नव्हतं."

"कशाबद्दल म्हणतीस?"

"कपाटाबद्दल."

तिने झाकण खाली ठेवलं. "तुला फ्रॉक दिलता त्यांनी. निळा. निघायच्या आधी आत नेऊन दिलता. मला आठवतंय की."

"फ्रॉक दिला. पण बोलल्या काही नाहीत. नीट अभ्यास कर म्हणाल्या. कपाट मी मनाने सांगितलं."

"घाबरलीस व्हय सगळ्यांस्नी?"

इथेही तिने मला वाट करून दिली. मी जवळजवळ हो म्हणाले होते.

"नाही. निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तू त्या घरातल्या पोरांना त्याची गोष्ट सांगत होतीस. कळशी तोंडाला लावून. एक मुलगी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून ऐकत होती. मी दारातून बघितलं. मला वाटलं, तो आपला आहे. तू तो त्यांना देऊन टाकलास. सोप्यात काकांनी विचारलं तेव्हा मला तेच दिसत होतं. आणि मी ते बोलले."

शेडमध्ये कुठेतरी पत्रा तापून वाजत होता.

"एवढ्यासाठी?"

"हो."

"बाकी काय न्हाय?"

"नाही."

तिने डबा बाजूला केला. खालच्या काजूंतला एक उचलला, सुरी घेतली, साल काढली. सुट्टी असूनही. हात सवयीने चालत होते.

"त्यांना गोष्ट का सांगत हुतो, ठाव हाय?" ती काजूकडे बघत म्हणाली. "शिडी न्हवती. माळ्यावर चढायचं तर पोरंच पाहिजेत, एकमेकांच्या खांद्यावर. मी म्हटलं, एका गोष्टीला एक पुस्तक. ती मांडीवर हुती ती आमची बारकी नणंद. तिनं एक आणलं खाली, दुसऱ्या दिवशी, आपण निघायच्या आधी. प्रकाशाचं. अजून हाय माझ्यापाशी."

तिने सुरीचं टोक पदराला पुसलं.

"सासूबाई गेल्या मागच्या साली," ती म्हणाली. "दीड वर्ष जाग्यावर हुत्या. सगळं केलं मी त्यांचं. आंघोळ, खाणंपिणं. पण बोललो न्हाय कधी धड. त्या म्हणायच्या, पोरी, माझं काय चुकलं ते सांग तरी. मी म्हणायचो, तुमचं तुमास्नी म्हाईत. पेटी त्यांनीच ठेवली माळ्यावर, ते खरं. पण मला राग पेटीचा न्हवता. एका पोराला खोटं बोलाय लावलं, त्याचा हुता."

तिने तो काजू पांढऱ्यांच्या डब्यात टाकला. मग पुन्हा उचलला, उजेडात धरला, आणि तुटलेल्यांत टाकला.

"जा आता तू. दोनची गाडी चुकंल."

मी उठले. दारापर्यंत गेले तेव्हा तिने हाक मारली. मला वाटलं, आता ती काही म्हणेल, ज्याने मला निदान घरी जाता येईल.

"शेवट काय करणार हायस त्याचा?"

"माहीत नाही. सुधारायला सांगतायत."

"थांबवू नको त्याला. खोटं वाटंल. आणि आता रडवू पण नको." तिने बाहेर फणसाखाली बसलेल्या बायकांकडे मान वळवली. "त्यो रडला की ह्या सगळ्या म्हणत्यात, बिचारा. गोठा जाळल्यालं इसरत्यात."

शेवटचा भाग मी दोन दिवसांत लिहिला. त्यात तो गावाच्या वेशीवर उभा राहतो. त्याच्या ग्रहावरचं मन बरंच आधी गप्प झालंय, हे ऐकणाऱ्याला कळतं. कित्येक भागांपासून त्याला वरून काहीच हुकूम आलेला नाही. गावातली एक मुलगी त्याला विचारते, मग तुला कोण सांगत होतं?

विमावाल्या नटाने कागद वाचला आणि मान वर केली. "रडणं काढलं व्हय, मॅडम?"

"काढलं."

"म्हंजे आता भावना काय धरायची?"

"काही नाही. सरळ वाचा."

त्याने सवयीने किटली उचलली.

"किटली नको," मी म्हणाले. "तोंडानेच."

त्याने ती खाली ठेवली, घसा साफ केला आणि त्याच्या रोजच्या आवाजात वाचलं, "कुणी सांगितलं नव्हतं. माझं मीच ठरवलं."

काच मध्ये असूनही तो मला शेजारी बसल्यासारखा वाटला. ध्वनिमुद्रण करणारा मुलगा म्हणाला, हे फारच साधं वाटतंय, थोडं घुमवू का? मी नको म्हटलं. संपादकबाईंना शेवट आवडला नाही. खाली ऐकणाऱ्यांनीही लिहिलं, इतका चांगला होता बिचारा, शेवटी वाया घालवला. ताईला मी तो भाग पाठवला. तिने ऐकल्याची खूण मोबाईलवर दिसली. उत्तर आलं नाही.

मागच्या महिन्यात एका चुलतभावाच्या लग्नात ती दिसली. मुलीला घेऊन आली होती. पंगती सुरू होत्या, मांडवात गर्दी होती, आणि आम्ही दोघी वाटेतच समोरासमोर आलो. ती थांबली. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. जेवलीस का, एवढं तरी ती विचारेल असं मला वाटलं होतं. माझं उत्तर तयार होतं.

तिने विचारलं नाही. माझ्या मोकळ्या केसांकडे एकदा बघितलं, आणि मुलीचा हात धरून पंगतीकडे गेली.